स्वस्त चहावर बोस्टन का पेटलं?

१७७३ च्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटनं एक कायदा केला. त्यामुळे अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये चहा स्वस्त होणार होता. सात महिन्यांनी, १६ डिसेंबरच्या रात्री, बोस्टनच्या लोकांनी तोच चहा पेट्या फोडून बंदरात ओतला. नवा कर लागला नव्हता आणि जुना वाढलाही नव्हता. ‘जाचक करांमुळे अमेरिकन क्रांती झाली’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथे अडखळतं. मग लोक चिडले कशावर? याचं उत्तर कराच्या दरांत सापडत नाही. त्या वसाहती मुळात कुणी, कशा आणि कुणाच्या पैशानं वसवल्या, तिथे ते दडलेलं आहे. आणि ती गोष्ट सुरू होते भारताचा रस्ता शोधण्यापासून.

पंधराव्या शतकात युरोपला मिरी, लवंग, दालचिनी, रेशीम हवं होतं आणि हा माल अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून भलत्या भावानं यायचा. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा मार्ग धरला. कोलंबसनं स्पेनच्या राणीला वेगळा हिशोब मांडून दाखवला: पृथ्वी गोल आहे, तर पश्चिमेला जाऊनही पूर्व गाठता येईल. पृथ्वी गोल असल्याबद्दल तेव्हाच्या शिकलेल्या माणसांत वाद नव्हताच. वाद होता अंतराचा, आणि त्यात कोलंबस साफ चुकला होता. वाटेत एक अख्खं खंड आडवं आलं म्हणून तो वाचला. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी तो बहामातल्या एका बेटावर उतरला आणि तिथल्या ताइनो लोकांना त्यानं ‘इंडियन’ म्हटलं. १५०६ मध्ये मरेपर्यंत आपण आशियातच पोहोचलो, या समजुतीत तो होता. खऱ्या भारताला समुद्रमार्गे पोहोचला तो वास्को द गामा, १४९८ मध्ये, कालिकतला. त्यानंतर बाराच वर्षांत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. आज आपल्या स्वयंपाकघरात मिरची, बटाटा आणि शेंगदाणे आहेत, ते अमेरिकेतून याच पोर्तुगीज जहाजांच्या वाटेनं आले.

अमेरिकेत आधीपासून राहणाऱ्यांवर मात्र आभाळ कोसळलं. देवी, गोवर यांसारख्या रोगांशी त्यांची कधी गाठ पडलेली नव्हती, त्यामुळे अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. गावंच्या गावं रिकामी झाली. तलवारीनं मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक रोगानं मेले. १५२१ मध्ये कोर्तेसनं अ‍ॅझ्टेक राजधानी जिंकली तेव्हा त्याच्या आधी देवीची साथ त्या शहरातून फिरून गेलेली होती. ‘रिकामी, पडीक जमीन’ असं युरोपियन लोक पुढे ज्या भूमीचं वर्णन करत राहिले, ती बऱ्याच ठिकाणी अशी नुकतीच ओस पडलेली होती.

या सगळ्यात इंग्लंड कुठे होतं? खूप मागे. १४९७ मध्ये जॉन कॅबट ब्रिस्टलहून निघून न्यूफाउंडलंडच्या बाजूला पोहोचला होता, पण पुढची जवळपास शंभर वर्षं इंग्लंडनं तिथे पाय रोवला नाही. तेवढ्यात स्पेननं मेक्सिको आणि पेरू गिळले, तिथल्या चांदीनं खजिना भरला. फ्रान्सचा कार्टिए सेंट लॉरेन्स नदीतून आत शिरला. इंग्लंडचा रोअनोक बेटावरचा प्रयत्न इतका फसला की १५८७ मध्ये तिथे सोडलेली शंभराहून अधिक माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. राजाच्या तिजोरीत अशा उद्योगाला पैसा नव्हता. म्हणून इंग्लंडनं काम व्यापाऱ्यांवर सोपवलं. राजानं सनद द्यायची, भांडवल शेअर विकून उभं करायचं आणि जोखीम कंपनीनं घ्यायची.

मला या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच वाटतो. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ. १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनी निघाली आणि लवकरच तिचा कारभारही याच स्माइथच्या हाती आला. १६०७ मध्ये व्हर्जिनिया कंपनीची माणसं जेम्सटाउनला उतरली, १६०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं ‘हेक्टर’ जहाज सुरतेला लागलं. एकाच शहरातल्या, बऱ्याचदा त्याच व्यापाऱ्यांनी, एकाच सुमाराला लावलेले हे दोन डाव होते. जेम्सटाउनला पाठवलेल्या माणसांना तर लेखी सूचना होती की नदीनं आत जाऊन पलीकडच्या समुद्राची वाट शोधा. म्हणजे कोलंबसनंतर ११५ वर्षांनीही अमेरिकेतून पूर्वेकडे जाण्याची आशा सुटली नव्हती.

वाट मिळाली नाही, सोनंही मिळालं नाही. १६०९–१० च्या हिवाळ्यात जेम्सटाउनची माणसं कुत्री, उंदीर, चामड्याचे जोडे खाऊन जगली आणि शेकडोंपैकी साठेकच उरली. वसाहत तगली ती तंबाखूमुळे. जॉन रॉल्फनं १६१२ च्या सुमाराला तिथे गोडसर तंबाखू पिकवून दाखवला आणि लंडनमध्ये त्याला भाव आला. तंबाखूला माणसं लागतात, माणसं आणायची तर त्यांना काही द्यावं लागतं. म्हणून कंपनीनं जमिनी वाटल्या आणि १६१९ च्या जुलैमध्ये जेम्सटाउनच्या चर्चमध्ये स्थायिकांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा बसली. पुढच्याच महिन्यात त्याच किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकन माणसं एका जहाजातून आणून विकली गेली. अमेरिकेचं स्वराज्य आणि अमेरिकेची गुलामगिरी यांत महिन्याभराचंही अंतर नाही. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

पुढे १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून धर्माच्या कारणानं निघालेले लोक प्लिमथला उतरले, १६३० नंतर मॅसॅच्युसेट्स भरत गेलं, कुठे एखाद्या सरदाराला, कुठे धर्मपंथाला सनदा मिळाल्या. १७३३ मध्ये जॉर्जिया वसलं आणि तेरा वसाहती पुऱ्या झाल्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती: निवडून आलेली सभा. मतदार मालमत्ता असलेले गोरे पुरुषच, पण सभा खरोखर कारभार करायच्या. कर त्या ठरवायच्या, रस्ते, शाळा, पलटणी त्या बघायच्या. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी लंडननं नेमलेला असायचा, पण त्याचा पगार सभा मंजूर करायची. त्यामुळे गव्हर्नर फार ताठ वागला तर पगार अडायचा. जहाजाला महासागर ओलांडायला सहा ते आठ आठवडे लागत, तेव्हा लंडनहून उत्तर येईपर्यंत थांबून कारभार करणं शक्यही नव्हतं.

कायद्यानं मात्र वसाहतींचा व्यापार बांधलेला होता. १६५१ पासून एकामागून एक झालेल्या नौकानयन कायद्यांनुसार तंबाखू, साखर यांसारखा माल इंग्लंडलाच पाठवायचा आणि युरोपचा माल इंग्लंडमार्गेच घ्यायचा. १७३३ मध्ये परदेशी बेटांवरून येणाऱ्या मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात बसली. मळीपासून रम बनायची आणि न्यू इंग्लंडचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींचा, केवढा तरी व्यापार या रमवर उभा होता. ६ पेन्स भरले तर धंदाच बुडणार, म्हणून व्यापारी अधिकाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे आणि मळी उतरवून घ्यायचे. लंडनला हे ठाऊक होतं. माल येतोय, जातोय, साम्राज्य श्रीमंत होतंय, तर कशाला खोलात जा, असं धोरण होतं. गावची वडिलोपार्जित शेती धाकट्यानं दीडशे वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या कसावी, शहरातल्या थोरल्यानं कधी हिशोब मागू नये, आणि एके दिवशी वही घेऊन बांधावर उभं राहावं, तसं १७६३ मध्ये झालं.

वही का निघाली? कारण होतं युद्ध. १७५४ मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यात फ्रेंच आणि ब्रिटिश भिडले. पहिल्या चकमकीत ब्रिटिशांच्या बाजूनं बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन होता. लढाई पसरत युरोप, कॅरिबियन बेटं आणि भारतापर्यंत गेली. १७६३ च्या पॅरिस तहानं फ्रान्सनं उत्तर अमेरिकेतला जवळजवळ सगळा मुलूख गमावला. ब्रिटन जिंकला, पण त्याचं राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटी पौंडांच्या वर गेलं. शिवाय नव्या मुलखाच्या रखवालीसाठी अमेरिकेत दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले. त्यांचा थोडा खर्च तरी वसाहतींनी उचलावा, असं पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलला वाटलं. लंडनमध्ये बसून पाहिलं तर यात गैर काही दिसत नव्हतं. ब्रिटनमधला सामान्य माणूस वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता.

त्याच वर्षी पॉन्टियाक नावाच्या ओडावा प्रमुखाच्या काळात अनेक मूळनिवासी जमातींनी एकत्र येऊन ब्रिटिशांच्या ठाण्यांवर हल्ले केले. आणखी युद्ध परवडणारं नव्हतं, म्हणून राजा तिसऱ्या जॉर्जनं ऑक्टोबर १७६३ मध्ये जाहीरनामा काढला: अ‍ॅपलाचियन डोंगररांगेच्या पश्चिमेला गोऱ्यांनी वस्ती करायची नाही. ज्या जमिनीसाठी लढलो तिथेच जायला बंदी, म्हणून शेतकरी चिडले. जमिनीच्या सौद्यांत पैसा गुंतवलेले बडे लोक त्याहून चिडले, आणि त्यांत वॉशिंग्टनही होता. क्रांतीच्या कारणांमध्ये हे कारण आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. स्वातंत्र्याच्या घोषणांपेक्षा ते कमी देखणं आहे, पण तितकंच खरं आहे.

१७६४ मध्ये ग्रेनव्हिलनं मळीवरची जकात निम्मी केली. ६ पेन्सच्या जागी ३ पेन्स. आणि लोक भडकले, कारण आता ती खरोखर वसूल होणार होती. आरमाराची जहाजं तस्करांच्या मागे लागली आणि खटले अशा सागरी न्यायालयांत जाऊ लागले जिथे ज्युरी नव्हती. स्थानिक ज्युरी असती तर तिनं शेजाऱ्याला सोडून दिलं असतं, हे सरकारला चांगलं माहीत होतं.

पुढच्या वर्षी स्टॅम्प कायदा आला. स्टॅम्प पेपर आपल्याला नवा नाही, खुद्द इंग्लंडमध्येही १६९४ पासून तो होता. वसाहतींत तो कोर्टाचे कागद, खरेदीखतं, दारूविक्रीचे परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, पदवीचं प्रमाणपत्र, पत्त्यांचे जोड आणि फासे अशा सगळ्यांवर लागणार होता, आणि पैसे ब्रिटिश चलनात भरायचे होते, जे तिथे आधीच दुर्मीळ. सरकारचा आडाखा इथे पार चुकला. या कराचा पहिला फटका बसणार होता वकील, छापखानेवाले आणि खानावळवाले यांना. म्हणजे जे बोलतात, जे छापतात आणि ज्यांच्या जागेत लोक जमतात, नेमक्या त्यांनाच.

१४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये एका एल्मच्या झाडाला स्टॅम्प विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा टांगलेला सापडला. संध्याकाळी जमावानं पुतळ्याची प्रेतयात्रा काढली, घराची मोडतोड केली. ऑलिव्हरनं पद सोडलं. बारा दिवसांनी उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर जमावानं उद्‌ध्वस्त केलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता, तोवर जवळजवळ सगळ्या वसाहतींतल्या स्टॅम्प विक्रेत्यांनी राजीनामे दिले होते. विकायला माणूसच नाही, तर स्टॅम्प कुठून लागणार?

रस्त्यावर हे चाललं असताना सभांमध्ये मुद्दा मांडला जात होता तो असा: इंग्रज माणसावर त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय कर बसत नाही, हा शतकांचा नियम आहे. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, म्हणून पार्लमेंटला आमच्यावर कर बसवता येणार नाही. लंडनचं उत्तर होतं की पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य सगळ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नाही, ते कुठे तक्रार करतात? हे उत्तर खोटं नव्हतं. पण मँचेस्टरला स्वतःची, दीडशे वर्षं जुनी, कर ठरवणारी सभा नव्हती. वसाहतींना होती, आणि ती आता कागदापुरती उरणार होती. सगळा झगडा इथे आहे. रक्कम किती, हा प्रश्न दुय्यम होता. एकदा हा हक्क मान्य केला की पुढच्या रकमेला हद्द नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

ब्रिटिश मालावरच्या बहिष्कारानं लंडनचे व्यापारीच घायकुतीला आले आणि मार्च १७६६ मध्ये स्टॅम्प कायदा मागे घेतला गेला. त्यासोबतच पार्लमेंटनं दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी ‘हरएक बाबतीत’ कायदे करण्याचा आपल्याला अधिकार आहे. वसाहतींनी दिवाळी केली आणि हा दुसरा कागद फारसा कुणी वाचला नाही. १७६७ मध्ये अर्थमंत्री टाउनशेंडनं काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर जकात बसवली. पुन्हा बहिष्कार झाला. बायका घरोघरी, चर्चच्या आवारात जमून सूत कातू लागल्या आणि जाडंभरडं हातमागाचं कापड अभिमानानं नेसलं जाऊ लागलं. १७६८ मध्ये बोस्टनमध्ये लष्कर उतरलं. साधारण सोळा हजार वस्तीच्या गावात जवळपास दोन हजार लाल डगलेवाले, तेही कमी पगारामुळे फावल्या वेळात मजुरी करून गावातल्या गरिबांचं काम हिरावणारे. ५ मार्च १७७० च्या रात्री बर्फाचे गोळे, शिव्या आणि काठ्या यांचं पर्यवसान गोळीबारात झालं. पाच जण गेले. त्यांतला क्रिस्पस अटक्स हा आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सनं, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि आठपैकी सहा जणांना त्यानं निर्दोष सोडवलं. ज्या दिवशी बोस्टनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंडच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडत होता. एक तेवढी ठेवली, चहावरची, पौंडभर वजनामागे ३ पेन्स. हक्क सोडला नाही हे दाखवण्यापुरती.

आता थॉमस स्माइथच्या दुसऱ्या कंपनीकडे वळायला हवं. १७६५ मध्ये, स्टॅम्प कायद्याच्याच वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, मिळाली होती. कंपनीच्या नोकरांनी बंगाल पिळून काढला, १७७० च्या दुष्काळात तिथे माणसं लाखोंनी मेली, आणि तरीही कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या गोदामांत तिचा कोट्यवधी पौंड वजनाचा चिनी चहा पडून होता, कारण अमेरिकेत लोक डच तस्करांचा चहा पीत होते. १७७३ मध्ये पार्लमेंटनं कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिच्या भारतातल्या कारभाराला वेसण घालणारा रेग्युलेटिंग कायदा केला, आणि साठा खपावा म्हणून चहा कायदा केला. रेग्युलेटिंग कायद्यानं मुंबईचे इंग्रज युद्ध-तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली गेले, आणि १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी परस्पर सुरतेचा तह केला तेव्हा कलकत्त्यानं तो फेटाळला. पुण्याच्या कारभाऱ्यांना भोवलेला तो घोळ आणि बोस्टनचा चहा एकाच वर्षाच्या, एकाच संकटातून निघालेले आहेत.

चहा कायद्यानं कंपनीला ब्रिटनमधला कर माफ झाला आणि निवडक अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत माल विकण्याची मुभा मिळाली. भाव तस्करांच्याही खाली येणार होता. पण ३ पेन्स जकात तशीच होती. स्वस्त चहा घेतला की ती जकात मुकाट्यानं मान्य केली असं झालं असतं. शिवाय आज चहाचा मक्ता दिला, उद्या आणखी कशाचा देतील, ही स्थानिक व्यापाऱ्यांना धास्ती. बोस्टनच्या अडत्यांत आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनची दोन मुलं होती, हेही लोक विसरणार नव्हते.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियानं जहाजं परत लावली. बोस्टनला हचिन्सन अडून बसला. चहाच्या तीन जहाजांपैकी ‘डार्टमथ’ २८ नोव्हेंबरला आलं होतं, वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार, म्हणजे मुदत १७ डिसेंबरला संपत होती. १६ तारखेला ओल्ड साउथ सभागृहात पाच हजारांवर माणसं दाटली होती. जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच, जेमतेम तेवीस वर्षांचा, जहाज माघारी नेण्याची परवानगी मागायला हचिन्सनकडे गेला आणि अंधार पडल्यावर नकार घेऊन परतला. थोड्याच वेळात तोंडाला काजळी फासलेली, मोहॉक या मूळनिवासी जमातीचा ढोबळ वेष केलेली माणसं धक्क्याकडे निघाली. तिन्ही जहाजांवर ती चढली, तळघरातून दोरांनी पेट्या वर ओढल्या, कुऱ्हाडीनं फोडल्या आणि चहा कठड्यावरून खाली लोटला. काम तीनेक तास चाललं. ओहोटी होती, त्यामुळे चहा बुडेना, गवताच्या गंजीसारखा जहाजाशेजारी साचत गेला. तो वल्ह्यांनी ढकलावा लागला. ३४२ पेट्या, सुमारे ९२ हजार पौंड वजन, कंपनीच्या हिशोबानं ९,६५९ पौंडांचं नुकसान. चहाखेरीज जहाजावरच्या कशालाही हात लावला नाही.

यानंतर लंडनचा संयम संपला. १७७४ च्या कायद्यांनी बोस्टन बंदर १ जूनपासून बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून गावसभांवर निर्बंध घातले. हेतू बोस्टनला एकटं पाडण्याचा होता. झालं उलट. जिची सनद १६९१ पासून चालत आली तिची ही गत, तर आपल्या सनदेचं काय, असं प्रत्येक वसाहतीला वाटलं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात जॉर्जिया सोडून बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

युद्धाचे तपशील इथे नकोत, पण एक सांगायला हवं. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात आला, नाना फडणिसांनी त्याचं स्वागत केलं आणि मुंबई-कलकत्त्याचे इंग्रज हबकले. पुढच्या वर्षी फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूनं उतरला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौज कोंडली, तेव्हा ब्रिटन अटलांटिकच्या पलीकडेही अडकलेला होता.

१७७५ मध्ये वसाहतींच्या पंचवीसेक लाख लोकसंख्येत साधारण पाच लाख गुलाम होते. व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरनं त्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आपल्या फौजेत येतील ते मुक्त, आणि शेकडो जण पळून त्याच्याकडे गेले. मूळनिवासी जमातींपैकी अनेकांनीही ब्रिटिशांची बाजू घेतली, कारण निदान कागदावर तरी १७६३ ची ती डोंगररेषा राजानं आखली होती. १७८३ मध्ये पॅरिसला तह झाला आणि ब्रिटननं मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या देशाला देऊन टाकला. त्या तहात तिथे राहणाऱ्या जमातींचा उल्लेखही नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७८४ मध्ये, फोर्ट स्टॅन्विक्सला इरोक्वा या मूळनिवासी जमातींच्या संघाच्या प्रतिनिधींना दबावाखाली जमिनी लिहून द्यायला लावल्या, आणि ओहायोकडे जाणारी वाट वस्तीसाठी मोकळी होऊ लागली.